मोटारीच्या छताचे अस्तर

मोटारीच्या छताचे अस्तर म्हणजे मोटारीच्या पत्र्याच्या छताला आतल्या बाजूने लावलेले कापडी, रेक्झिनचे किंवा साच्यात घडवलेले आच्छादन होय. गॅरेजांत आणि कुशनच्या दुकानांत त्यास 'रूफ लायनिंग' किंवा नुसते 'छताचे कापड' म्हणतात. उन्हाने तापलेल्या पत्र्याची धग, पावसाचा आणि रस्त्याचा आवाज काही प्रमाणात अडवणे, छतातून जाणाऱ्या विजेच्या तारा झाकणे आणि अपघातात डोक्याला पत्र्याच्या कडा थेट लागू न देणे ही त्याची कामे आहेत. जुन्या गाड्यांत हे कापड फलकापासून सुटते, त्याला झोळ पडतो आणि ते प्रवाशांच्या डोक्यावर लोंबू लागते. हा दोष अनेकदा गोंद सुटल्याचा समजला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कापड आणि फलक यांच्यामधला फोमचा पातळ थर कुजून त्याची भुकटी झालेली असते. दुरुस्ती टिकणार की नाही, हे या एका फरकावर ठरते.

रचना

छताच्या अस्तराचे दोन मुख्य प्रकार आढळतात. पहिला तारांवर ताणलेल्या अस्तराचा. यात कापडाच्या किंवा रेक्झिनच्या पाठीमागे ठरावीक अंतरावर आडवे नेफे शिवलेले असतात. प्रत्येक नेफ्यातून पोलादी तारेची कमान ओवतात आणि तिची दोन टोके छताच्या दोन्ही बाजूंच्या भोकांत अडकवतात. कडा चहूबाजूंनी ताणून चिकटवतात किंवा दात्यांच्या पट्टीत खोचतात. कापड आणि पत्रा यांच्यामध्ये मोकळी जागा राहते; पत्र्याला आतून नमदा किंवा तत्सम जाड थर चिकटवलेला असतो. अँबेसिडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांची छते या पद्धतीची होती.

दुसरा प्रकार साच्यातील फलकाचा. दाबलेला पुठ्ठा, काचतंतू, ताठ फोम किंवा वनस्पतिज तंतू यांपासून छताच्या आकाराचा एकसंध फलक तयार करतात आणि त्यावर फोम लावलेले विणीचे कापड चिकटवतात. हा फलक दिव्याची चौकट, सन व्हायझर, हाताने धरायच्या मुठी आणि काही क्लिपा यांच्या आधाराने छताला धरून राहतो. कारखान्यात तो एका झटक्यात बसवता येतो. त्यामुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस तारांची पद्धत मागे पडली. स्वस्त छोट्या गाड्यांत फोमचा थर वगळून फलकावर थेट सुईने गुंतवलेल्या तंतूंचे नमद्यासारखे कापड बसवलेले असते. अशा छताला सहसा झोळ पडत नाही. तेथे दोष उद्भवलाच तर तो फलक ओला होऊन वाकण्याचा असतो.

कॅनव्हासचे हूड असलेल्या जीपना अस्तरच नसते. ग्रामीण महाराष्ट्रात अशा जीप दीर्घकाळ वापरात होत्या, आणि त्यांत दुपारी प्रवास केलेल्यांना अस्तराचे काम वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

इतिहास

आरंभीच्या बंद मोटारींची बांधणी घोडागाडी तयार करणाऱ्यांच्या हातची होती. छताचा मधला भाग लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या जलरोधक कापडाचा असे आणि आतून लोकरी अस्तर लावत. जनरल मोटर्सने १९३५ सालच्या गाड्यांमध्ये एकसंध पोलादी छत आणले. अशा छतांचा प्रसार झाल्यावर अस्तराला ऊन आणि आवाज अडवण्याचे काम अधिक करावे लागले, कारण पोलादी पत्रा लवकर तापतो आणि ढोलासारखा वाजतो.

भारतात अँबेसिडर हे वाहन हिंदुस्तान मोटर्सच्या उत्तरपाडा येथील कारखान्यात २०१४ पर्यंत तयार होत होते. मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाटच्या ११०० मालिकेवरून घडवलेली गाडी पुढे पद्मिनी या नावाने प्रसिद्ध झाली. या दोन गाड्यांमुळे महाराष्ट्रातील कुशन कारागिरांच्या एका पिढीला तारांच्या छताचा सराव झाला. पुढच्या पिढीला फलक बाहेर काढून कापड चिकटवण्याचे निराळे तंत्र शिकावे लागले.

कापड का सुटते

फलकाच्या छताला वापरले जाणारे कापड तीन घटकांचे असते : वर दिसणारी बारीक वीण, तिच्या पाठीला जोडलेला काही मिलिमीटर जाडीचा पॉलियुरेथेन फोम, आणि फोम फलकाला धरून ठेवणारा गोंद. कापड आणि फोम यांची जोडणी बहुधा ज्योतीने करतात. फोमचा पृष्ठभाग क्षणभर वितळवून त्यावर कापड दाबले जाते. फोममुळे छताला मऊपणा येतो, फलकावरचे बारीक उंचवटे लपतात आणि गोंद विणीतून बाहेर झिरपत नाही.

पॉलियुरेथेन फोम कायमस्वरूपी टिकणारा पदार्थ नाही. पॉलिएस्टर जातीच्या फोममधील रासायनिक बंध हवेतील ओलाव्याने तुटतात. या क्रियेला जलअपघटन म्हणतात. पॉलिईथर जातीचा फोम ओलाव्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, परंतु उष्णता, प्रकाश आणि प्राणवायू यांमुळे त्याचे ऑक्सिडीकरण होते. दोन्हींचा शेवट सारखाच होतो. फोम आधी पिवळसर-तपकिरी पडतो, मग चिकट होतो आणि शेवटी बोट लावताच भुकटी होते. उष्णता या दोन्ही क्रियांचा वेग वाढवते. विसाव्या शतकातील फोमच्या खुर्च्या आणि शिल्पे जपणाऱ्या संग्रहालयांनाही हीच अडचण भेडसावते.

फोम कुजला की कापड सुटते, पण ते गोंदापासून सुटलेले नसते. फोमचा एक पापुद्रा कापडाला आणि दुसरा फलकाला चिकटून राहतो. तुटण्याची जागा मधोमध असते. कारखान्यात लावलेला मूळ गोंद अशा वेळी फलकाला घट्टच असतो. म्हणून सुटलेल्या कापडाच्या मागे नवा गोंद सोडून ते परत दाबले, तर ते भुकटीला चिकटते, फलकाला नाही. काही दिवस छत नीट दिसते. मग पहिल्या कडक उन्हात कापड पुन्हा खाली येते, आणि या वेळी त्यावर गोंदाचे डागही पडलेले असतात.

गोंदाचा खरा दोष वेगळ्या परिस्थितीत दिसतो. पूर्वी एकदा दुरुस्ती झालेल्या छताला उष्णता न सोसणारा गोंद वापरला असेल, तर तो उन्हाळ्यात मऊ पडतो आणि कापड स्वतःच्या वजनाने ओघळते. अशा वेळी फोम शाबूत असतो आणि गोंदाचे धागे ताणलेले दिसतात.

उष्णता किती चढते याची कल्पना अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून येते. सुमारे ३८ अंश सेल्सिअसच्या वरच्या दिवसांत उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांत आतील हवेचे सरासरी तापमान सुमारे ४७ अंश, तर डॅशबोर्डचे सुमारे ६९ अंश आढळले. छताच्या फलकाला तापलेल्या पत्र्याची धग वरून मिळते आणि काचांतून आत आलेल्या उष्णतेने तापलेली हवाही त्याखालीच साठते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील परिस्थिती

अहिल्यानगर जिल्ह्याचा (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) बहुतेक भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. जिल्ह्याचा सरासरी वार्षिक पाऊस साधारणतः ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास आहे. एप्रिल-मे महिन्यांत पठारावर पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हिवाळ्यात रात्री बऱ्याच थंड असतात. पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेड या पूर्व आणि दक्षिण भागांतील तालुक्यांत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचे छत वर्षातील बराच काळ कोरड्या उष्णतेत तापत राहते.

जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला चित्र उलटे आहे. अकोले तालुक्यात कळसूबाईचे शिखर, भंडारदऱ्याचे धरण आणि रतनवाडी-घाटघरचा परिसर येतो. तेथे पठारावरच्या कितीतरी पट पाऊस पडतो आणि पावसाळ्याचे महिने सतत दमट असतात. गाडीचा रबर आटलेला असल्यास पाणी काचेच्या कडेने किंवा अँटेनाच्या बुडातून आत येते आणि पुठ्ठ्याचा फलक फुगतो. त्यामुळे एकाच जिल्ह्यात दोन वेगळ्या कारणांनी छत खाली येते, आणि कारण न पाहता केलेली दुरुस्ती दोन्हीकडे फसते.

शिर्डीला येणाऱ्या भाडोत्री गाड्यांची स्थिती आणखी निराळी. चालक भाविकांची वाट पाहत थांबलेला असताना गाडी तासन्‌तास उघड्या वाहनतळावर असते. गोदावरी-प्रवरा खोऱ्यातील ऊसपट्ट्यात कच्च्या रस्त्यांची धूळ विणीत बसते. तिच्याने फोम कुजत नाही, मात्र कापड जड आणि मळकट होते आणि ते धुण्याच्या नादात ओले केले जाते. अस्तराच्या दृष्टीने धुळीपेक्षा हे धुणे अधिक घातक.

नगर शहराचा वाहनांशी असलेला संबंध जुना आहे. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र, १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालय आणि संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास आस्थापना ही सर्व तेथे आहेत. रणगाड्यांना मात्र कापडी छत नसते. खासगी गाड्यांच्या अस्तराचे काम शहरातील आणि तालुक्याच्या गावांतील सीट कव्हर व कुशनच्या दुकानांत होते. फोम लावलेले कापड तेथे न मिळाल्यास पुण्याची नाना पेठ किंवा मुंबईतील कुर्ल्याचा सीएसटी रस्ता यांसारख्या वाहनसाहित्याच्या बाजारांतून आणतात.

दोषाची ओळख

झोळ पडलेला भाग तळहाताने हलकेच वर दाबून पाहतात. आत रवाळ लागले, किंवा हात काढल्यावर कापडाच्या कडेतून पिवळसर भुकटी गळली, तर फोम गेलेला असतो. कापडावर तपकिरी कडा असलेले वर्तुळाकार डाग दिसले, तर पाणी शिरलेले असते. हे डाग पुढच्या काचेजवळ, अँटेनाखाली किंवा सनरूफच्या कोपऱ्यांत आढळतात. सनरूफच्या चौकटीतून पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या पानांनी आणि मातीने तुंबतात. पाण्याची वाट बंद केल्याशिवाय नवे कापड लावणे निरर्थक आहे.

झोळाची सुरुवात बहुधा मागच्या काचेच्या कडेला किंवा दिव्याभोवती होते, कारण तेथे कापड कापलेले असते. गाडीच्या काचा उघड्या ठेवून वेगाने जाताना वारा आत शिरून कापड फुगवतो आणि सुटलेला भाग झपाट्याने वाढतो. मागची काच कापडाने झाकली गेली की आतल्या आरशातून मागचे वाहन दिसेनासे होते. तेथपासून ही बाब केवळ गाडीच्या दिसण्यापुरती राहत नाही.

तात्पुरते उपाय

टाचण्या, स्टेपलच्या पिना, वळणदार पिना, वायसर लावलेले छोटे स्क्रू, कापड शिवून घालणे असे अनेक उपाय केले जातात. यांपैकी वळणदार पिना फलकाला फारसे नुकसान न करता कापड धरतात आणि पूर्ण दुरुस्तीपर्यंतचे काही महिने निभावून नेतात. साध्या टाचण्या खड्ड्यांच्या रस्त्यावर गळून आसनावर पडतात. लांब स्क्रू तर टाळावेतच. फलक आणि पत्रा यांमधील अंतर काही ठिकाणी अत्यल्प असते आणि स्क्रूचे टोक पत्र्याला आतून टोचून रंगाला फोड आणते.

सुईने गोंद आत सोडण्याचा उपाय वर सांगितलेल्या कारणाने टिकत नाही. वाफेची इस्त्री फिरवूनही तेच होते. लाकडाला लावतात तो पांढरा गोंद या कामाला चालत नाही. तो पाण्यात विरघळलेला असल्याने पुठ्ठ्याला भिजवतो आणि ओलाव्यात पुन्हा मऊ पडतो.

फलकाचे कापड बदलणे

टिकाऊ दुरुस्तीसाठी फलक गाडीबाहेर काढावा लागतो. छतावर असतानाच, मान वर करून कापड बदलण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात जुना फोम पूर्ण निघत नाही आणि भुकटी डोळ्यांत जाते.

आधी बॅटरीची ऋण तार सोडतात. त्यानंतर सन व्हायझर, मुठी, दिवा आणि खांबांवरील प्लास्टिकची आवरणे काढतात. दारांचे रबर कडेने ओढून मोकळे करतात. जुन्या गाडीच्या प्लास्टिक क्लिपा उन्हाने ठिसूळ झालेल्या असतात, म्हणून काही तुटणार हे गृहीत धरून नव्या आधीच आणून ठेवणे शहाणपणाचे. दिव्याकडे जाणारी तार फलकाच्या पाठीला चिकटवलेली असू शकते. फलक खाली ओढण्यापूर्वी ती पाहावी लागते.

फलक बाहेर काढणे हा या कामातील सर्वांत नाजूक टप्पा आहे. मागे उघडणारे दार असलेल्या गाडीत तो तेथून निघतो. सेडान गाडीत पुढची आसने पूर्ण मागे पाडून तो पुढच्या दारातून तिरका काढावा लागतो. यासाठी दोन माणसे लागतात. पुठ्ठ्याच्या फलकाला एकदा घडी पडली की ती नव्या कापडातूनही दिसते. तडा गेल्यास पाठीमागून कापडाची किंवा काचतंतूची पट्टी चिकटवून तो सांधतात.

जुने कापड सहज सोलून निघते. खरे कष्ट फलकावर उरलेला फोम काढण्याचे असतात. मऊ नायलॉनच्या ब्रशने तो सगळीकडून घासून काढतात. तारेचा ब्रश फलकाचा पृष्ठभाग उकरतो आणि पाणी पुठ्ठा विरघळवते, म्हणून ही दोन्ही साधने वर्ज्य आहेत. हाताला भुकटी लागेनाशी होईपर्यंत घासणे आवश्यक असते. दुकानात गर्दी असेल तर नेमकी याच टप्प्याला काटछाट होते. काम स्वस्तात आणि तासाभरात उरकणाऱ्याकडून नंतर तक्रार येते ती बहुधा यामुळेच. नाका-तोंडावर मास्क आणि डोळ्यांना चष्मा आवश्यक आहे.

नवे कापड पाठीला फोम असलेलेच घ्यावे लागते. पडद्याचे किंवा साध्या विणीचे कापड थेट चिकटवल्यास गोंद झिरपून डाग पडतात आणि फलकाचा प्रत्येक खड्डा दिसतो. कापड चारही बाजूंनी पाच ते आठ सेंटिमीटर जास्त कापतात. त्याला एका दिशेने अधिक ताण असतो. ती दिशा फलकाच्या खोलगट भागांच्या बाजूने ठेवली तर चुण्या पडत नाहीत.

चिकटवण्यासाठी सिंथेटिक रबराचा गोंद वापरतात. बाजारात तो 'एसआर' किंवा 'सोल्यूशन' या नावांनी मागितला जातो. फवाऱ्याच्या डब्यातील उष्णतारोधक गोंद अधिक सारखा बसतो. कोणताही घेतला तरी तो किती तापमान सोसतो हे डब्यावर पाहणे आवश्यक आहे. नगरच्या मे महिन्यात उभी राहणारी गाडी आणि घरातील सोफा यांच्या गरजा सारख्या नाहीत. कापड अर्धे दुमडून मागे घेतात, उघड्या पडलेल्या फलकावर आणि फोमवर दोन्हीकडे गोंद लावतात, आणि तो बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतका सुकू देतात. मग मध्यापासून कडांकडे तळहाताने कापड बसवत नेतात. या गोंदाने एकदा पकड घेतली की कापड उचलून पुन्हा लावता येत नाही. खोलगट भागांत आधी बोटांनी कापड तळापर्यंत पोहोचवून मगच पुढे सरकतात. वरून ताणून नेल्यास ते भाग काही दिवसांनी सुटून वर येतात. पहिला अर्धा भाग झाला की दुसरा त्याच रीतीने करतात. जोर लावून दाबल्यास फोम चपटा होऊन तेथे कायमची खूण राहते.

उरलेली कड फलकाच्या पाठीमागे वळवून चिकटवतात. दिवा आणि मुठींच्या जागी फुलीच्या आकाराचा छेद देऊन तुकडे मागे वळवतात. पूर्ण भोक कापल्यास कड दिव्याच्या चौकटीबाहेर दिसण्याचा धोका असतो. गोंद पुरता वाळेपर्यंत, साधारणतः एक दिवस, फलक सावलीत सपाट ठेवतात. घाईने बसवलेला फलक दारातून आत नेताना वाकतो आणि ओल्या गोंदावरचे कापड त्या जागी सुटते.

तारांवरच्या अस्तराची दुरुस्ती

अँबेसिडर किंवा पद्मिनीच्या छताला फोमचा रोग नसतो. तेथे रेक्झिन वाळून आखडते आणि शिवणीवर फाटते, दोरा कुजतो किंवा कडेचा गोंद सुटतो. झोळ फक्त एका पट्ट्यात असेल, तर बहुधा नेफ्याची शिवण उसवलेली किंवा तारेचे टोक भोकातून निसटलेले असते आणि ते काम थोडक्यात होते.

पूर्ण अस्तर बदलायचे असल्यास पुढच्या आणि मागच्या काचेचे रबर मोकळे करावे लागते, कारण अस्तराची कड त्याखाली दाबलेली असते. जुनी काच काढताना तडकण्याचा धोका असतो आणि बंद झालेल्या गाडीची काच सहज मिळत नाही. अनेक कारागीर या कारणाने काच न काढता रबराची कड उचलून कापड खोचतात. तारा काढताना प्रत्येकीवर क्रमांक आणि डावी-उजवी बाजू लिहून ठेवतात. त्यांची लांबी आणि वाक एकसारखा नसतो आणि अदलाबदल झाल्यास छताला पोक येतो. जुने अस्तर उसवून त्याचे तुकडे नव्या कापडावर बेतण्यासाठी वापरतात. नेफ्यांतील अंतर जरासुद्धा चुकले तर तारा तिरक्या बसतात.

अस्तर उतरल्यावर पत्र्याची आतली बाजू बऱ्याच वर्षांनी प्रथमच दिसते. गंज आढळल्यास तो घासून त्यावर प्रायमर लावणे आणि सुटलेला नमदा पुन्हा चिकटवणे ही कामे तेव्हाच करावी लागतात. नवे रेक्झिन उन्हात तापवून किंवा गरम हवेने मऊ करून ताणतात. मध्यरेषेवर पुढून मागे ताण दिल्यानंतरच बाजूच्या कडा ओढतात. या बाबतीत नगरकडील ऊन कारागिराच्या मदतीला येते. उन्हाळ्याच्या दुपारी बसवलेल्या रेक्झिनच्या किरकोळ चुण्या आपोआप निघतात.

सुरक्षितता

सिंथेटिक रबराच्या गोंदात टोल्युइनसारखे ज्वलनशील द्रावक असतात. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बंद गाडीच्या तळाशी साठते. दारे बंद असलेल्या गाडीत गोंद लावणे, जवळ विडी-सिगारेट ओढणे किंवा सुरू असलेल्या वेल्डिंगशेजारी हे काम करणे धोकादायक आहे. डोके दुखणे किंवा गरगरणे ही वाफ अंगात गेल्याची खूण असून तत्काळ मोकळ्या हवेत जावे लागते. लहान दुकानांत मदतीला असणाऱ्या पोरासोरांना गोंदाच्या डब्यापासून लांब ठेवण्याचे हे पुरेसे कारण आहे.

मोटारीच्या आतील साहित्य सहज पेट घेऊ नये यासाठी मानके आहेत. अमेरिकेत १९७२ पासून लागू असलेल्या मानकानुसार आतील साहित्यावर ज्योत मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये. भारतात आतील साहित्याच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस १५०६१ हे मानक आहे. घरगुती सजावटीचे कापड अशा चाचणीतून गेलेले असेलच असे नाही. छताला आग लागल्यास वितळते थेंब थेट प्रवाशांवर पडतात, म्हणून वाहनांसाठीचे कापड आणि स्वस्त झालरीचे कापड यांतील किमतीचा फरक वाचवण्याजोगा नाही.

खिडक्यांवरच्या कडेला पडद्यासारख्या एअरबॅग असलेल्या गाड्यांत अधिक काळजी लागते. त्या छताच्या कडेने गुंडाळून ठेवलेल्या असतात आणि धडकेच्या क्षणी अस्तराची कड ढकलून खाली उघडतात. त्या कडेला अस्तर पत्र्याला चिकटवणे, स्क्रू मारणे किंवा जाड कापड ताणून बसवणे यामुळे एअरबॅग अडू शकते. अशा गाडीचे काम बॅटरी सोडून, उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबून आणि त्या विषयाच्या जाणकाराकडूनच करून घ्यावे लागते.

खर्च आणि नोंदणी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी नूतनीकृत होते. अहिल्यानगर येथील कार्यालयाचा नोंदणी-संकेत एमएच १६, तर श्रीरामपूरचा एमएच १७ आहे. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांहून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. छताचा झोळ बहुधा याच वयात दिसू लागतो. त्यामुळे मालकासमोर एकट्या अस्तराचा खर्च नसतो. गाडी आणखी पाच वर्षे ठेवायची की मोडीत काढायची, या निर्णयाचा तो भाग होतो. इंजिन आणि पत्रा ठीक असेल तर केवळ लोंबणाऱ्या छतामुळे गाडी काढून टाकणे अविचाराचे ठरते, कारण या दुरुस्तीत मुख्य खर्च मजुरीचा असतो, सामानाचा नव्हे. विकताना मात्र खरेदीदार याच दोषावर बोट ठेवून किंमत पाडतो.

मूळ फलक कामातून गेला असल्यास मोडीत निघालेल्या त्याच नमुन्याच्या गाडीचा फलक घेणे हा पर्याय आहे. त्यावरचे कापडही तितकेच जुने असते, म्हणून तो फलक बसवण्याआधीच त्याचे कापड बदलून घेतात.

मुंबईच्या टॅक्सींची छते

महाराष्ट्रात छताच्या अस्तराला सजावटीचे स्थान मिळाले ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत. पद्मिनी टॅक्सीचे चालक छताला फुलापानांची, भौमितिक नक्षीची, चकचकीत रेक्झिने लावून घेत. दिवसभर एकाच छताखाली बसणाऱ्या माणसाची ती हौस होती, आणि नक्षीच्या गर्दीत डाग व ठिगळे लपत हा व्यवहारही होता. २०१५ साली संकेत अवलानी यांनी सुरू केलेल्या 'टॅक्सी फॅब्रिक' या उपक्रमात तरुण चित्रकारांनी टॅक्सींची आसने आणि छते यांसाठी खास कापडे रेखाटली. पद्मिनी टॅक्सींतील शेवटची नोंदणी ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीसाठी असलेली २० वर्षांची वयोमर्यादा भरल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून निवृत्त झाल्या. खासगी मालकीच्या काही पद्मिनी अजून धावतात आणि त्यांची तारांची छते शिवू शकणारे कारागीर जुन्या गाड्यांच्या शौकिनांकडून शोधले जातात.